एकशे चार गाठी

वन्सं भूगर्भ खात्याच्या ऑफिसात चौतीस वर्षं टायपिस्ट होत्या. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना अहो-जाहोच करतो. हे गेल्यावर वन्संनी आपली भाड्याची खोली सोडली आणि दोन सुटकेसी, एक इस्त्री आणि एक जाडजूड शब्दकोश घेऊन माझ्याकडे आल्या. त्याला या महिन्यात अकरा वर्षं झाली. तिसऱ्या मजल्यावर दोन म्हाताऱ्या, एक स्वयंपाकघर आणि दोन वेगवेगळी घड्याळं. त्यांचं पाच मिनिटं पुढे असतं. ते त्या मागे करू देत नाहीत.

ज्वालामुखींवर त्यांनी हजारो पानं टाइप केली असतील. प्रत्यक्षात एकही पाहिला नाही. मी एकदा त्यावरून डिवचलं तर म्हणाल्या, "पोस्टमन काय पत्रावरच्या सगळ्या गावांना जाऊन येतो का, वहिनी?"

निवृत्तीनंतर त्या दर गुरुवारी सकाळी वाचनालयात जाऊ लागल्या. विद्यापीठाने आणि वाचनालयाने मिळून एक काम काढलं होतं. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात ज्वालामुखींवरचे लेख फार कच्चे आहेत, तर ज्यांना विषय येतो त्यांनी ते तपासायचे आणि ज्यांना नीट वाक्य लिहिता येतं त्यांनी ते लिहून काढायचे. विषय येणारी होती एक प्राध्यापक. पन्नाशीची, बुटकी, चपळ, पायात बारा महिने डोंगरातले बूट. लिहिणारे सुरुवातीला सात जण होते. वर्षभरात गळत गळत एकट्या वन्सं उरल्या.

त्यांचं काम बघायला मी दोन-तीनदा गेले आहे. प्राध्यापकबाई लेख कागदावर छापून आणायच्या आणि लाल पेन्सिलीने चिरफाड करायच्या. "हा लाव्हा नाही, ही राख आहे. हा मृत नाही, निद्रिस्त आहे."

"फरक काय?" वन्सं विचारायच्या.

"मेलेला पुन्हा उठत नाही. निद्रिस्ताचा भरवसा नाही."

"मग आमच्या वहिनींना निद्रिस्तात घाला. दुपारी झोपेतून उठवलं की कळतं."

मग वन्सं कॉम्प्युटरपुढे बसायच्या आणि दहाही बोटांनी दुरुस्त्या घालायच्या. एका डोंगराची उंची वरच्या चौकटीत एक आणि खालच्या परिच्छेदात दुसरी, असं काही असलं की ते त्यांनाच सापडायचं. प्राध्यापकबाईंना याचं नवल वाटे. वन्सं म्हणायच्या, "तुम्हाला खरं काय ते आधीच ठाऊक असतं, म्हणून तुम्ही ते वाचता. मला काही ठाऊक नसतं. मी समोर लिहिलेलं असतं ते वाचते."

ज्ञानकोशाचं एक राखणदार मंडळ असतं. कोणी काही चुकीचं घातलं की ते काढून टाकतं. ज्वालामुखींच्या लेखांवर 'खडक' या नावाचा कोणीतरी पहारा देत असे. बाई की बाप्या, तरणा की म्हातारा, कुणालाच माहीत नव्हतं. त्याचं आवडतं वाक्य एकच: "संदर्भ?" छापील पुस्तकात किंवा नियतकालिकात असेल तेच ज्ञानकोशात घालायचं, असा तिथला नियम. सुरुवातीला वन्संचे पाच-सहा बदल खडकाने उलटवले, तेव्हा घरी येऊन त्या भांडी आपटत होत्या. पुढे त्या एकही ओळ संदर्भाशिवाय लिहीनाशा झाल्या आणि खडकाने एकदा त्यांना चक्क "धन्यवाद" लिहिलं. ते त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं.

मागच्या वर्षीची माझ्या डायरीतली एक नोंद अशी आहे: "गुरुवार. ढगाळ, वारा नाही. वन्सं साडेअकरालाच परत. जेवल्या नाहीत. विचारलं तर 'डोकं दुखतंय' म्हणाल्या. डोकं दुखत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्यासमोर बसून पावाला लोणी लावता लावता, त्यांनी सांगितलं. त्यांच्या हातात सुरी तशीच राहिली होती.

त्या गुरुवारी त्यांच्यापुढे एका मोठ्या ज्वालामुखीचा लेख होता. तो प्राध्यापकबाईंच्या खास जिव्हाळ्याचा. त्याच्या माथ्यावरच्या विवरात विहिरीसारखा सरळ खड्डा आहे. लेखात एक आख्खा विभाग होता, 'शांत खचणं' नावाचा. पहिल्या मोजणीत खड्ड्याची खोली एकशे चार मीटर भरली. दहा वर्षांनी दुसऱ्या मंडळींनी मोजली तर एकशे शहात्तर. मधल्या काळात ना स्फोट झाला, ना भूकंप, ना कुणी काही पाहिलं. म्हणजे खड्ड्याचा तळ आवाज न करता बहात्तर मीटर खाली गेला होता. यावर पुस्तकांत प्रकरणं होती, वाद होते. आणि पहिली मोजणी ज्यांनी केली त्यांचं नाव त्या विभागात तीनदा आलं होतं.

"वहिनी, तळ कुठेही गेला नाही," वन्सं म्हणाल्या. "तो अहवाल मी टाइप केलाय."

पहिली मोजणी करणारे गृहस्थ त्यांच्या ऑफिसातले निरीक्षक होते. मध्यम उंचीचे, सडसडीत. खांद्यावर सदा दोराची गुंडाळी, म्हणून ऑफिसात त्यांना सगळे दोरखंड म्हणायचे. वन्सं म्हणत नसत. त्या नुसतं 'ते' म्हणायच्या. तेव्हा यंत्रं फारशी नव्हती. खड्ड्यात वजन बांधून दोर सोडायचा आणि किती गेला ते मोजायचं. दोराला त्यांनी एकेका वावेवर गाठ मारली होती. दोन्ही हात पसरले की एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत जेवढं अंतर होतं तेवढी वाव. अर्थात त्यांच्या हातांची.

विवरातल्या वायूने ते आजारी होऊन परतले. डोंगरावरून थेट हॉस्पिटलात. नोंदवही तेवढी ऑफिसात आली. तिच्यात शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'खोली १०४'. पुढे काही नाही. ऑफिसच्या छापील तक्त्यावर रकान्याच्या माथ्यावर 'मीटर' छापलेलं असायचं. वन्संना तेव्हा वाटलं, मीटरचा हिशेब करूनच त्यांनी आकडा लिहिलाय; तो गाठींचा होता हे आता दोन्ही मोजण्या शेजारी वाचून कळलं. त्यांनी तो मीटरच्या रकान्यात टाइप केला आणि सहीसाठी अहवाल हॉस्पिटलात नेला.

"वाचून बघा म्हटलं. तर म्हणाले, 'तुम्ही टाइप केलंय ना, मग बघायचं काय त्यात.' उशीवर ठेवून सही केली. आणि मला, वहिनी, त्याचा इतका आनंद झाला की मी पुन्हा वाचा म्हणाले नाही."

त्या गृहस्थांना मी एकदाच पाहिलं आहे. डायरी काढून शोधलं, सापडलं: "संध्याकाळी वन्संच्या ऑफिसातले एकजण पुस्तक परत द्यायला आले. फार बारीक. आत या म्हटलं तर दारातच उभे राहिले. चहा नको म्हणाले. वन्सं आईंच्या खोलीतून बाहेर येईपर्यंत जिन्यावर त्यांची पावलं वाजत होती." आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या सात वर्षं अंथरुणाला खिळून होत्या आणि रात्रंदिवस त्यांचं वन्संनीच केलं. मी शाळेत शिकवायची, माझी दोन मुलं लहान. मी केलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

बरे झाल्यावर त्या गृहस्थांनी वन्संना म्हटलं होतं, ऑफिसची गाडी वर जाते, एकदा विवर बघायला चला. वन्सं म्हणाल्या, आईला बरं नाही, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी ते खातं बदलून रस्ते बांधणीकडे गेले, दूरच्या गावी. लग्न केलं नाही, असं वन्संच्या कानावर आलं होतं. बारा वर्षांपूर्वी निवृत्तांच्या पत्रकात दोन ओळींत त्यांच्या मृत्यूची बातमी आली. एवढंच.

"त्यांनी पुढे कधी तो आकडा वाचला असेल का हो?" वन्संनी मला विचारलं. "वाचला असेल तर काय वाटलं असेल?"

मी म्हटलं, "रस्त्यावरच्या माणसाला खड्ड्याचं कोण सांगतंय." म्हटल्यावर लक्षात आलं, हा विनोद करायची वेळ नव्हती. पण त्या हसल्या.

पुढच्या गुरुवारपर्यंत त्यांना धीर निघाला नाही. घरच्या कॉम्प्युटरवरून त्यांनी लेखातल्या एकशे चारपुढचं 'मीटर' खोडलं आणि 'वावा' घातलं. चार मिनिटांत खडकाने ते उलटवलं. संदर्भ? वन्संनी लिहिलं, "ही माझी चूक आहे. तो अहवाल मी स्वतः टाइप केला होता." खडकाने उत्तर दिलं, "असेलही. पण ज्ञानकोशात स्वतःची आठवण चालत नाही. सगळी छापील पुस्तकं एकशे चार मीटरच म्हणतात."

"म्हणणारच," वन्सं पडद्याकडे बघून म्हणाल्या. "सगळ्यांनी माझ्याकडूनच घेतलंय."

मग त्यांना प्राध्यापकबाईंना सांगावं लागलं. याची त्यांना जास्त भीती होती, कारण 'शांत खचणं' यावर बाईंनी स्वतः पुस्तकात प्रकरण लिहिलं होतं. त्या दिवशी मी सोबत गेले. वाचनालयातल्या मागच्या टेबलाशी वन्संनी सगळं सांगितलं, शाळेत उभं राहून सांगावं तसं. प्राध्यापकबाईंची लाल पेन्सिल टेबलावर आडवी पडली होती.

"म्हणजे मी वीस वर्षं पोरांना न घडलेली गोष्ट शिकवतेय," त्या म्हणाल्या.

"हो," वन्सं म्हणाल्या.

"थोडी मायेने सांगितली असती तरी चाललं असतं."

"कशी सांगू? तळ खचला नाही हो."

बाईंनी पेन्सिल उचलली. "तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण माझा विश्वासही संदर्भ नव्हे. कागद हवा. नोंदवही कुठे असेल?"

खात्याचं जुनं दप्तर एका गोदामात हललं होतं. परवानगीला सात आठवडे गेले. आम्ही तिघी तिथे गेलो ती तारीख माझ्याकडे आहे, धुळीने मला दिवसभर शिंका आल्या हेही आहे. नोंदवही सापडली. 'खोली १०४' होतं. त्याच्या आधीच्या दोन पानांवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या. वीस जुड्या आणि वर चार. दोर खाली जाताना हातातून सुटणारी एकेक गाठ त्यांनी अशी मोजली होती. म्हणजे एकशे चार गाठीच होत्या, यात शंका राहिली नाही. पण गाठीगाठीतलं अंतर किती? वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ होती: 'दर वावेस गाठ. एकूण ११०, दोर संपला.' वाव किती लांब, ते कुठेच नव्हतं. ते स्वतःच्या हातांची लांबी कशाला लिहितील.

प्राध्यापकबाई खाली बसल्या. वन्सं मात्र उभ्याच होत्या. "स्टोअरची फाइल मागवा," म्हणाल्या. "दोर संपला म्हणतायत. तो स्टोअरमधूनच आला असणार. त्या चिठ्ठ्याही मीच टाइप करायची."

चिठ्ठी मिळाली. 'दोर, जाड, एक गुंडाळी, १९० मीटर.' प्राध्यापकबाईंनी नोंदवहीच्या कडेला आपला मोबाइल ठेवून भागाकार केला. गाठीत थोडा दोर जातो, तो वजा केला. वावेला एक मीटर सत्तर सेंटिमीटर आले. एकशे चार गाठींचे एकशे सत्त्याहत्तर मीटर. दहा वर्षांनी यंत्राने मोजलेल्या खोलीपेक्षा फक्त एका मीटरने जास्त.

"हाताने मोजलंय यांनी," बाई म्हणाल्या. "विषारी धुरात उभं राहून."

वन्सं वहीवर हात ठेवून उभ्या होत्या. बोटं पानाला टेकली नव्हती, थोडी वर होती.

परतताना बसमध्ये प्राध्यापकबाईंनी पुढचं सांगितलं. त्या यावर छोटं टिपण लिहितील, खात्याच्या नियतकालिकात छापून आणतील, मग ते संदर्भ म्हणून चालेल. "पण एक गोष्ट आधी सांगते. खचलंच नाही म्हटल्यावर तो विभाग लेखात राहणार नाही. आणि त्यांचं नाव आहे ते त्या विभागातच आहे. चुकीच्या आकड्यामुळेच ते नाव लोकांना माहीत आहे. बरोबर आकडा म्हणजे काय, एक साधी मोजणी. तिच्यात सांगण्यासारखं काही उरत नाही."

वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. पुढच्या थांब्यावर एक बाई चढली, एक माणूस उतरला.

"जगभरच्या माणसांनी त्यांचं नाव तिथे वाचलंय," त्या म्हणाल्या. "मीही वाचलं. बारा वर्षांनी दिसलं मला ते, असं अचानक."

"म्हणूनच विचारतेय. घाई नाही."

पाच दिवस वन्संनी मला थांग लागू दिला नाही. या पाच दिवसांत तो लेख उघडून त्या किती वेळा बसल्या, ते मी मोजलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी प्राध्यापकबाईंना फोन लावला.

"लिहा. त्यांनी बरोबर मोजलं होतं, ते आधी लोकांना कळू दे. नावाचं नंतर बघू." मग म्हणाल्या, "आणि त्यात 'लेखनातील त्रुटी' असलं मोघम काही घालू नका. त्यांच्यावर शेकेल. टायपिस्टची चूक, असं स्वच्छ लिहा."

टिपण छापून यायला पाच महिने लागले. त्यात वन्सं नुसत्या 'कार्यालयातील टायपिस्ट' आहेत, त्यांच्या आग्रहावरून. ज्या दिवशी अंक आला त्या दिवशी वन्संनी आणि प्राध्यापकबाईंनी शेजारी बसून लेख सुधारला. या वेळी खडकाने काही उलटवलं नाही. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्याने 'शांत खचणं' हा विभाग काढून टाकला, नियमाला धरूनच. खोलीच्या मोजण्यांचा एक छोटा तक्ता राहिला. त्यात पहिली ओळ: वर्ष, १७७ मीटर (अंदाजे), दोराने. नाव नाही.

वन्संनी त्या गृहस्थांवर वेगळं पान लिहायला घेतलं. जन्म, नोकरी, मोजण्या, रस्ते. अकरा ओळींचं झालं. खडकाने लिहिलं, "हे पान ठेवता येणार नाही. त्यांच्याबद्दल छापील असं जवळपास काहीच नाही. वाईट वाटतं." पान गेलं.

मला वाटलं होतं, आता या भांडी आपटतील. त्या आपल्या खुर्चीत बसून होत्या.

"त्याचंही चुकत नाही," म्हणाल्या. "माझ्याकडे आहे ते छापलेलं कुठे आहे."

काल दुपारी त्यांनी मला हाक मारली. त्या डोंगराच्या लेखामागे एक चर्चापान असतं, लेख सुधारणारे तिथे आपापसांत बोलतात. त्याच्यावर खडकाने वन्संना विचारलं होतं: "नियमात बसणारं नाही, पण उत्सुकता आहे. एकशे नव्वद मीटर दोराला गाठी मारायच्या तर जागा किती लागेल. कुठे मारल्या असतील?"

वन्संनी टाइप केलं, "मला माहीत आहे. पण याला संदर्भ नाही."

थोड्या वेळाने उत्तर आलं. "हे चर्चापान आहे. इथे माणसं बोलतात."

त्या लिहायला लागल्या. मी चहा करून आणला तोवर पान भरत आलं होतं. मी मागे उभी राहून वाचलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

टायपिंगच्या खोलीच्या दारात त्यांनी दोराचं टोक वन्संच्या हातात दिलं होतं. गुंता होऊ नये म्हणून ताणून धरायचं. ते हात पसरून वाव घ्यायचे, गाठ मारायचे आणि दोन पावलं मागे जायचे. पहिल्या पंधरा-वीस गाठी बोलणं चाललं होतं, काय ते आठवत नाही, पण हसायला येत होतं. मग व्हरांडा संपला. ते जिना उतरले, कठड्यावरून दोर घेत. मग मागच्या अंगणात गेले. दिसेनासे झाले. पण गाठ घट्ट ओढली की वन्संच्या हाताला बारीक हिसका बसायचा, त्यावरून कळायचं, आहेत.

"वहिनी," वन्सं न वळता म्हणाल्या, "मी किती वेळ उभी होते ते लिहू का?"

"किती वेळ होतात?"

"ऑफिस सुटून गेलं होतं. साडेपाच असतील. सहाही असतील. तेवढं नक्की आठवत नाही."

"मग अंदाजे लिहा."

"अंदाजे नको," त्या म्हणाल्या. मग वेळ न लिहिताच वाक्य पुरं केलं: ते परत वर येईपर्यंत मी टोक सोडलं नाही.